इन्व्हेस्टमेंटचा पेपर घेतलाय? सुरुवात घरातल्या पासबुकांपासून करा

‘इन्व्हेस्टमेंट ॲनालिसिस अँड पोर्टफोलिओ मॅनेजमेंट’च्या पहिल्या तासाला मी तृतीय वर्षाच्या मुलांना विचारते, “हा पेपर का घेतलात?” उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. कोणाच्या मोबाईलवर डिमॅटचं ॲप असतं, एखादा आयपीओ लागलेला असतो, त्यामुळे बाजार कळला असं त्याला वाटत असतं. कोणी मार्केटिंग नको म्हणून फायनान्सकडे वळलेलं असतं. मागच्या बाकावरचा एखादा प्रामाणिक मुलगा सांगतो, “मॅडम, मित्राने घेतला म्हणून.” मला हा तिसरा सगळ्यांत बरा वाटतो. त्याला निदान शिकलेलं काही विसरावं लागत नाही.

मी ठाण्यात राहते आणि शनिवारी इथल्याच एका कॉलेजात हा विषय शिकवते. ठाणे-नवी मुंबईत बीएमएस, बीएएफ, बीएफएम किंवा एमकॉम करताना ज्यांनी हा विषय पहिल्यांदाच उघडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. हा विषय म्हणजे चांगला शेअर शोधायची विद्या, असं सगळे धरून चालतात. शेअर निवडणं हा त्यातला एक भाग आहे. पण पेपरच्या नावात ‘पोर्टफोलिओ’ (एकत्र धरलेल्या सगळ्या गुंतवणुकी) आहे, आणि सगळी गंमत तिथे आहे: दोन-चार गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींना काय करतात.

१. पेपरचं नाव सोडा, मॉड्यूल बघा

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत बीएमएसला फायनान्स घेणाऱ्यांना हा पेपर पाचव्या सत्रात असे. नव्या शैक्षणिक धोरणाने सत्रं, क्रेडिट, नावं सगळंच हलवलंय. त्यात २०२४ पासून बीएमएस, बीबीएला राज्याची सीईटी आली आणि काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून टाकलं. त्यामुळे सीनियरच्या नोट्स घ्या, पण आधी विद्यापीठाच्या साइटवरून चालू वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि दोन्ही ताडून बघा. आत साधारण हेच सापडेल: परतावा आणि जोखीम मोजणं, रोखे (बाँड) आणि शेअर यांचं मूल्य काढणं, पोर्टफोलिओचा सिद्धांत, कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल (जोखमीच्या मानाने किती परतावा अपेक्षायचा त्याचं सूत्र), आणि फंड मॅनेजरने खरंच काही कमावलं का ते तपासणं. चार्ट वाचायचं एक प्रकरणही असतं. मुलं तिथे रमतात. रमू द्या, पण ते शेवटी वाचा.

२. कॅल्सी हाताळायला शिका

परीक्षेत साधा कॅल्क्युलेटर चालतो, सायंटिफिक नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासून साध्यावरच सराव करा. १.०७ दाबा, गुणाकाराचं बटण दाबा (काही कॅल्सींवर दोनदा), आणि बरोबरचं बटण दाबत राहा. दर वेळी एक घात वाढतो. सात टक्क्यांनी दहा वर्षांत पैसे जवळपास दुप्पट होतात, हे सूत्रातून कळण्याआधी बोटांना कळलं पाहिजे.

दुसरी सवय: ‘सरासरी परतावा’ हे शब्द ऐकले की थांबा. १०० रुपये एका वर्षी ५० टक्के वाढले आणि पुढच्या वर्षी ५० टक्के पडले, तर सरासरी शून्य. हातात मात्र ७५ रुपये. अंकगणिती सरासरी आणि भूमितीय सरासरी यांतला फरक एवढाच आहे, आणि तो न समजल्यामुळे पुढची तीन मॉड्यूलं पाठ करावी लागतात.

३. घरातली पासबुकं बाहेर काढा

पहिल्या पंधरवड्यात मी हा गृहपाठ देते. आई-बाबांजवळ बसायचं आणि घरचा पैसा कुठे कुठे आहे त्याची यादी करायची. एफडी, पीपीएफ, एलआयसी, सोनं, भिशी, फ्लॅट, आजोबांचे जुने कागदी शेअर, जे असेल ते. रकमा वर्गात सांगायच्या नाहीत, फक्त टक्के लिहून आणायचे. दोन-तीन घरांत भांडणं होतात. ‘तुला कशाला हव्यात चौकशा?’ हे वाक्य बऱ्याच जणांना ऐकावं लागतं. तरी करा, कारण तुमचा पहिला पोर्टफोलिओ तोच आहे. फक्त तो कोणी ठरवून बांधलेला नाही.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे चार रकाने आखा: परतावा किती, कर किती, पैसे काढायला किती दिवस, आणि बुडायची शक्यता कुठे. एफडीवर ७ टक्के मिळत असतील आणि बाबा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतील, तर कर जाऊन उरतात ४.९. महागाई ५ टक्के धरली तर पैसे वाढताना दिसतात आणि वस्तूंच्या हिशेबात किंचित कमी होतात. पीपीएफचं व्याज करमुक्त असतं, पण मुदत १५ वर्षांची आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. म्हणजे दोन्हींवर ७ टक्के लिहिलेलं असलं तरी ते सात सारखे नाहीत.

‘बुडायची शक्यता’ या रकान्यापुढे मुलं एफडीला बिनधास्त ‘नाही’ लिहितात. माझ्या बाबांनीही तेच लिहिलं असतं. निवृत्तीच्या पैशातली मोठी रक्कम त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवली होती. व्याज अर्धा टक्का जास्त होतं आणि मॅनेजर ओळखीचा. मग एके दिवशी बँकेवर निर्बंध आले. बाबा सकाळी सातपासून शटरबाहेर रांगेत उभे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या. तेव्हा ठेव विम्याचं संरक्षण १ लाखापर्यंतच होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत झालं. अर्ध्या टक्क्यासाठी आपण काय दिलं ते बाबांना त्या रांगेत समजलं. ‘जोखमीचं अधिमूल्य’ (रिस्क प्रीमियम) असा शब्द तुमच्या पुस्तकात येईल, तेव्हा ही पिशवी आठवा.

४. जोखीम जाते कुठे?

ठाणेकरांना १६ एप्रिल १८५३ ही तारीख सांगायला नको. बोरीबंदरहून पहिली आगगाडी आपल्याकडे आली. ती आणणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे शेअर मात्र विकले गेले ते इंग्लंडमध्ये. घेणाऱ्यांना ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती. रेल्वे चालो न चालो, पाच टक्के ठरलेले. कमी पडलं तर भरपाई इथल्या महसुलातून. लंडनच्या गुंतवणूकदाराच्या रकान्यात जोखीम जवळपास शून्य होती आणि ती इथल्या करदात्याच्या रकान्यात जाऊन बसली होती. आज कोणी ‘हमखास’ परतावा सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही हमी कोणाच्या खिशातून आहे?

पुस्तकात जोखमीचं मोजमाप म्हणजे प्रमाण विचलन, म्हणजेच स्टँडर्ड डेव्हिएशन. परतावा आपल्या सरासरीपासून किती इकडे-तिकडे हलतो त्याचं माप. त्याच्यावर एक रास्त आक्षेप आहे: वर गेलेलंही ते जोखीमच मानतं. तुमच्या मनात ही शंका आली असेल तर तुम्ही बरोबर वाचताय. आणखी एक गोष्ट ते सांगत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी, म्हणजे साधारण १३ टक्क्यांनी पडला. असा दिवस आकड्यात कसाबसा मावतो, पोटात मावत नाही.

५. हे गणित हातानेच करा

इथे घाई करू नका. एक अख्खा रविवार द्या. वही, पेन्सिल आणि कॅल्सी.

‘क’ आणि ‘ख’ असे दोन शेअर घ्या. चार वर्षांचे परतावे टक्क्यांत:

क: २४, उणे ८, ३०, २
ख: ६, १४, १२, ०

क ची सरासरी १२, ख ची ८. आता प्रत्येक वर्षाचं सरासरीपासूनचं अंतर काढा. क साठी १२, उणे २०, १८, उणे १०. त्यांचे वर्ग १४४, ४००, ३२४, १००. बेरीज ९६८, भागिले ४ म्हणजे २४२. वर्गमूळ १५.५६. ख ची अंतरं उणे २, ६, ४, उणे ८. वर्गांची बेरीज १२०, भागिले ४ म्हणजे ३०, वर्गमूळ ५.४८. क जास्त देतो आणि जास्त उड्या मारतो.

आता निम्मे पैसे क मध्ये, निम्मे ख मध्ये. दर वर्षीचा परतावा होतो १५, ३, २१, १. सरासरी १०, म्हणजे १२ आणि ८ च्या बरोबर मधोमध, काही नवल नाही. मग जोखीमही १५.५६ आणि ५.४८ च्या मधोमध, १०.५२ यावी ना? काढून बघा. अंतरं ५, उणे ७, ११, उणे ९. वर्ग २५, ४९, १२१, ८१. बेरीज २७६, भागिले ४ म्हणजे ६९. वर्गमूळ ८.३१.

दोन टक्क्यांहून जास्त जोखीम गेली, आणि परताव्यातून एक पैसाही कापला गेला नाही.

कारण दुसऱ्या वर्षी क पडला तेव्हा ख उभा होता. दोघांच्या अंतरांचे गुणाकार करा: उणे २४, उणे १२०, ७२, ८०. बेरीज ८, भागिले ४ म्हणजे २. हा सहप्रचरण, म्हणजे कोव्हेरियन्स. त्याला १५.५६ आणि ५.४८ च्या गुणाकाराने भागा, सहसंबंध येतो ०.०२, जवळजवळ शून्य. दोघं आपापल्या तालात चालतात, म्हणून एकत्र आल्यावर डोलणं कमी होतं. हॅरी मार्कोविट्झने १९५२ मध्ये हे मांडलं तेव्हा त्याला पंचवीसही पूर्ण नव्हती. १९९० मध्ये विल्यम शार्प आणि मर्टन मिलर यांच्यासोबत त्याला नोबेल मिळालं. गंमत अशी की स्वतःच्या निवृत्तीच्या पैशाचे त्याने सूत्रं न मांडता सरळ निम्मे-निम्मे भाग केले, निम्मे शेअर, निम्मे रोखे. हे त्यानेच नंतर सांगितलं.

वही मिटू नका, याच आकड्यांतून आणखी दोन गोष्टी निघतात. क ची भूमितीय सरासरी: १.२४ गुणिले ०.९२ गुणिले १.३० गुणिले १.०२, उत्तर १.५१२७. चार वर्षं आहेत म्हणून वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा: १.१०९. म्हणजे १२ नव्हे, १०.९ टक्के. दुसरं, शार्प गुणोत्तर, म्हणजे घेतलेल्या जोखमीच्या मानाने जास्तीचा परतावा किती मिळाला. बिनजोखमीचा दर ६ टक्के धरा. परताव्यातून ६ वजा करून प्रमाण विचलनाने भागा. क चं ०.३९, ख चं ०.३६, आणि निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं ०.४८. मिश्रण दोघांच्याही पुढे. वर्गात हा आकडा येतो तेव्हा दोन-तीन चेहरे वर होतात. त्यांचा विषय त्या दिवशी सुरू होतो.

एक इशारा. मी ४ ने भागलं, काही पुस्तकं ३ ने भागतात (वर्षांची संख्या वजा एक). एक्सेलमध्येही एसटीडीईव्ही.पी आणि एसटीडीईव्ही.एस अशी दोन सूत्रं आहेत. तुमचे सर कोणतं वापरतात ते विचारून घ्या. याच्यावरून पेपरात मार्क गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

६. आता पुन्हा घराकडे

दोन वर्षांपूर्वी घणसोलीच्या एका मुलीने दादाची यादी आणली होती. ऐरोलीत फ्लॅट घेऊन भाड्याने दिलेला, नोकरी ऐरोलीतल्याच आयटी कंपनीत, पगारासोबत मिळालेले त्याच कंपनीचे ईसॉप (कर्मचाऱ्यांना दिले जाणारे शेअर), आणि एसआयपी टेक्नॉलॉजी फंडात. “मॅडम, चार ठिकाणी पैसे आहेत. डायव्हर्सिफिकेशन झालं ना?”

मी म्हटलं, “समज, अमेरिकेतल्या ग्राहकांनी आयटीवरचा खर्च कापला. मग?”

ती बोटांवर मोजायला लागली. पगारवाढ गेली. ईसॉप पडले. फंड पडला. मग थांबून म्हणाली, “भाडेकरूसुद्धा तिथल्याच आयटी पार्कमध्ये आहे.” थोड्या वेळाने, “म्हणजे एकच ठिकाण आहे.”

सहसंबंधाची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही उत्तरपत्रिकेत मिळालेली नाही. घरच्या यादीतल्या प्रत्येक जोडीला हाच प्रश्न लावा: हे पडेल तेव्हा ते काय करेल?

७. रोखे, बीटा आणि बाकीचं

रोख्यांना मुलं कंटाळतात, म्हणून एकच आकडा लक्षात ठेवा. १०० रुपयांचा, १० वर्षांचा, ७ टक्के व्याजाचा रोखा तुमच्याकडे आहे आणि बाजारात व्याजदर ८ झाला. तुमचा रोखा आता ९३ रुपये २९ पैशांना जाईल. व्याजदर वर, किंमत खाली. का, ते स्वतः सूट लावून (पुढे मिळणारे पैसे ८ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून) काढा, एकदा निघालं की पुन्हा विसरत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये रिटेल डायरेक्ट सुरू केल्यापासून सामान्य माणूस सरकारी रोखे थेट घेऊ शकतो, तेव्हा हा आता फक्त बँकवाल्यांचा विषय राहिलेला नाही.

बीटा म्हणजे बाजार एक टक्का हलला की तुमचा शेअर किती हलतो. कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेलमध्ये बिनजोखमीचा दर ६, बाजाराचा परतावा १२, बीटा १.२ असेल तर अपेक्षित परतावा ६ अधिक १.२ गुणिले ६, म्हणजे १३.२. गणित सोपं आहे. या मॉडेलची गृहीतकं मात्र नीट वाचा, परीक्षक तिथेच खोदतात. सगळ्यांना एकाच दराने हवं तितकं कर्ज मिळतं, हे गृहीतक गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या कोणालाही वाचून दाखवा आणि चेहरा बघा.

फंडाची तुलना करताना निर्देशांक ‘टोटल रिटर्न’ आहे ना ते बघा. नुसता निफ्टी लाभांश मोजत नाही. २०१८ पासून सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) फंडांना टोटल रिटर्नशीच तुलना करायला लावलंय. आणि खर्चाकडे लक्ष द्या. १ लाख रुपये २० वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर ९.६५ लाख होतात, ११ टक्क्यांनी ८.०६ लाख. एका टक्क्याची किंमत दीड लाखाहून जास्त. जानेवारी २०१३ पासून फंडांचे डायरेक्ट प्लॅन (वितरकाचं कमिशन नसलेले) मिळतात, ते याच कारणासाठी.

८. सत्रभर कागदी पोर्टफोलिओ चालवा

खोटे १ लाख रुपये घ्या आणि एक्सेलमध्ये आठ ते दहा गोष्टी विकत घ्या. त्यात किमान एक सोन्याची आणि एक रोख्यांची हवीच. नियम एकच: प्रत्येक खरेदीपुढे तारीख आणि ‘का घेतला’ याची दोन ओळींची नोंद, त्याच दिवशी. नंतर लिहिलेली कारणं फार हुशार निघतात. पडलेला शेअर खालच्या भावात आणखी घेऊन ‘ॲव्हरेज’ करावासा वाटला तर करा, पण त्याचंही कारण लिहा. महिन्याने वाचून बघा.

खऱ्या पैशांनी शिकायचं असेल तर एसआयपीच्या छोट्या रकमेने शिका. एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे, नको. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे मांडले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. टेलिग्रामवरचा ‘सर’ तुम्हाला उरलेल्या सातांत बसवायला निघालेला असतो. त्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. बहुधा पुढचा मेसेज येतच नाही.

९. वाशी आणि ब्लॅक बुक

नोकरीच्या दृष्टीने डिग्रीसोबत एनआयएसएमची एखादी परीक्षा द्या. ही सेबीने उभी केलेली संस्था. वाशीला सेक्टर १७ मध्ये एनआयएसएम भवन आहे आणि मोठा परिसर पाताळगंगेला. म्युच्युअल फंड वितरकांची सिरीज पाच-ए ही नवख्यांना झेपणारी: १०० गुण, दोन तास, ५० टक्क्यांना पास. रिसर्चकडे जायचं असेल तर पुढे सिरीज पंधरा. दोन्हींची वर्कबुकं इतकी सरळ लिहिलेली आहेत की काही प्रकरणं मी पाठ्यपुस्तकाऐवजी तिथूनच शिकवते.

शेवटी ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या कव्हरातला प्रोजेक्ट रिपोर्ट. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात हे आम्हालाही माहीत असतं, आणि ‘गुंतवणूकदारांची मानसिकता: ५० जणांचे सर्वेक्षण’ आम्ही इतक्यांदा वाचलंय की उत्तरांचे टक्केही पाठ झालेत. त्यापेक्षा तो कागदी पोर्टफोलिओच विषय म्हणून घ्या. चार महिन्यांच्या नोंदी, सहसंबंधाचा तक्ता, निफ्टीशी तुलना, आणि जिथे चुकलात ते प्रकरण मोठं. व्हायव्हाला परीक्षक बहुतेक विचारतात, “हा शेअर का घेतलास?” तारखेसह लिहिलेल्या दोन ओळी असतील तर त्या वाचून दाखवायच्या, बस्स.

बाइंडिंगला मात्र चार दिवस आधी द्या. सबमिशनच्या आठवड्यात काळी कव्हरं संपतात, आणि सोनेरी अक्षरांत ‘पोर्टफोलिओ’चं स्पेलिंग दर वर्षी कोणाचं तरी चुकतंच.